आमटीत गोळी घालू नका: दारू कमी करण्याची औषधं कशी घ्यावीत

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला दुकानात शुकशुकाट असतो. नेमकी तेव्हाच एखादी बाई येते. आधी उगाच साबण, बिस्किटं बघत उभी राहते. दुसरं गिऱ्हाईक निघून गेलं की काउंटरशी येते आणि पदर तोंडाशी धरून हळूच विचारते, "दादा, दारू सुटायची गोळी असते ना? त्यांना न कळता आमटीतून देता येईल अशी?"

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडला लागून माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतो. त्या बाईचा मला कधी राग येत नाही. तिने शपथा घालून झालेल्या असतात, नवस बोलून झालेले असतात, माहेरी जाऊन राहणंही झालेलं असतं. पण तशी गोळी मी तिला देत नाही. का देत नाही, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हा लेख ज्याच्यासाठी आहे तो पिणारा माणूस मात्र स्वतः क्वचितच काउंटरवर येतो. दारूवरचं औषध म्हणजे कायमची बंदी नाहीतर ओकाऱ्या, अशी त्याची समजूत असते. पिणं चालू असतानाच सुरू करता येते आणि प्रमाण खाली आणायला मदत करते अशीही गोळी असते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ साली केंद्र सरकारने देशभरातल्या व्यसनांची पाहणी प्रसिद्ध केली. दिल्लीच्या एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने ती केली होती. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते, असं त्यात दिसलं. उरलेल्या ३७ जणांपैकी कुणाच्या हाती हे पडलं, तर पुढचं त्याने नीट वाचावं.

मी डॉक्टर नाही, औषधनिर्माता आहे. कुठली गोळी, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. डॉक्टरांसमोर बसण्याआधी काय माहीत असावं आणि घरी आल्यावर काय सांभाळावं, एवढं मी सांगतो.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं मोजा

सात दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहा. "थोडी घेतो", "लिमिटमध्ये असते" यातून डॉक्टरांना काही कळत नाही. आकडा लागतो.

हिशोब सोपा आहे. १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशोबाने ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे एक युनिट, ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे दोन, ९० मिलीची निप म्हणजे तीन आणि १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा युनिट. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर ६५० मिलीच्या एका बाटलीत चार युनिट निघतात. "मी फक्त बिअर पितो" म्हणणाऱ्याने दोन बाटल्यांचा हिशोब करून पाहावा, क्वार्टरच्याही पुढे जातो. देशी असेल तर बाटलीवरचा टक्का आणि किती मिली घेतली ते लिहून ठेवा. हातभट्टीत किती टक्के असतं ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तिथे ग्लास मोजून लिहा आणि डॉक्टरांना हातभट्टी असं स्पष्ट सांगा.

एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल पोटात गेलं तर जागतिक आरोग्य संघटना ते जड पिणं धरते. ६० ग्रॅम म्हणजे एक क्वार्टर. "एक क्वार्टर म्हणजे काय जास्त झाली?" असं मला काउंटरवर कितीतरी जणांनी विचारलंय. हे त्याचं उत्तर.

लिहायचं कुठे? माझ्याकडे येणाऱ्या एका रंगकाम करणाऱ्या भाऊंनी जागा छान शोधली होती. त्यांच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयावर बायको दुधाचा हिशोब लिहायची: आज एक लिटर, उद्या खाडा. त्याच चौकोनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ते पेन्सिलीने रोजचे युनिट लिहायला लागले. महिना संपल्यावर पान फाडून घडी घालून मला दाखवायला आणलं. ६, ६, ५, ६, ९, ६. नऊच्या चौकोनाखाली रविवार. ते पान डॉक्टरांपुढे ठेवा म्हटलं, यापेक्षा चांगला केसपेपर नाही.

दुसरी पायरी: शरीर दारूवर चालू लागलंय का, ते पाहा

ही पायरी चुकवू नका. जिवाशी खेळ होतो तो इथेच.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? चहाची बशी धरवत नाही का? घाम, मळमळ, छातीत धडधड होते आणि एक घोट पोटात गेला की थांबते का? पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, किंवा भिंतीवर मुंग्या चालल्यासारखे भास झाले होते का? यातल्या एकालाही "हो" असं उत्तर असेल, तर तुमचं शरीर दारूला बांधलं गेलंय. अशा माणसाने आपल्या मनाने एका दिवसात दारू तोडायची नाही.

आपल्याकडे हे हमखास घडतं ते श्रावणात. गटारीला पोटभर पितात आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण धरतात. ज्याला सवय आहे पण शरीर बांधलेलं नाही, तो महिनाभर आरामात राहतो. जो खरोखर बांधला गेलाय, त्याला पहिल्याच दिवशी कापरं सुटतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, ताप चढतो, माणूस ओळखू येत नाही. हा भ्रम जीवघेणा असतो. माळ घालताना, यात्रेला निघताना, लागोपाठ ड्राय डे आल्यावर हेच होतं. श्रावण जरूर पाळा, माळ जरूर घाला. फक्त थरथर होणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटावं.

दारू तोडतानाच्या या दिवसांसाठी वेगळी औषधं असतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम पाच-दहा दिवस उतरत्या डोसने देतात, सोबत बी-१ म्हणजे थायमिन. ही झोपेच्या गोळ्यांच्या जातीची औषधं आहेत. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, आणि वेळेवर थांबवली नाहीत तर त्यांचीच सवय लागते. "शेठ, दोनच गोळ्या द्या, आजची रात्र निघू दे" असं म्हणत लोक येतात. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, कुणीही देऊ नये.

सलाईनबद्दलही सांगितलं पाहिजे. दारूने खंगलेल्या माणसाला उचलून नेऊन ग्लुकोजची बाटली लावायची आपल्याकडे पद्धत आहे. अशा माणसाच्या अंगात बी-१ जवळजवळ संपलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, स्मृती जाते. म्हणून सोबत गेलेल्या माणसाने एवढं विचारावं, "डॉक्टर, हे रोज पितात, आधी थायमिन देणार ना?" डॉक्टरला राग येत नाही, उलट माहिती मिळते.

फिट आली, असंबद्ध बोलणं सुरू झालं, नसलेली माणसं दिसू लागली, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

तिसरी पायरी: कमी करायची की बंद, हे ठरवा

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं मोठं काम उभं राहिलं ते पूर्ण बंदच्या पायावर. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने हजारो घरं सावरली. ज्याचं शरीर बांधलं गेलंय त्याला पूर्ण बंद हाच सगळ्यात भक्कम रस्ता आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण माझ्या काउंटरवर असाही माणूस येतो जो "कायमची" हा शब्द ऐकला की पुन्हा वर्षभर फिरकत नाही. रोजची क्वार्टर निपवर आणायला मात्र तो तयार असतो. त्याला परत पाठवू नये असं माझं ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जोखमीच्या पायऱ्यांप्रमाणे पुरुषाने दिवसाला १०० ग्रॅमच्या वर घेतली तर ती सर्वांत वरची पायरी, ४० ग्रॅमपर्यंत सर्वांत खालची. बायकांसाठी हेच आकडे ६० आणि २० ग्रॅम. दोन पायऱ्या खाली उतरलेल्या माणसांचं ब्लडप्रेशर, यकृत आणि रोजचं जगणं सुधारलेलं अभ्यासांत दिसतं. दोन क्वार्टरवरून एका निपवर आलेला माणूस पूर्ण सुटलेला नसतो, हे मान्य. पण संध्याकाळी तो घरी पायावर येतो.

मात्र काही जणांना "कमी" चालत नाही, शून्यच लागतं. यकृत आकसलेलं म्हणजे सिरॉसिस असलेले, पोटात पाणी झालेले, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले, दारू तोडताना फिट आलेले, आणि गरोदर स्त्रिया. यांनी तिसऱ्या पायरीवर वाटाघाटी करू नयेत.

चौथी पायरी: डॉक्टरकडे जाणं

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. "मी काय वेडा आहे का?" हा विचार बाजूला ठेवा. दारूची ओढ मेंदूत असते म्हणून त्या विभागात जायचं, एवढंच. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत हे विभाग आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. जवळपास कोण आहे हे कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा नंबर आहे. दोन्ही फुकट. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर एमडी फिजिशियनही ही औषधं लिहून देऊ शकतात.

बोभाटा होईल ही भीती खरी आहे, विशेषतः लहान गावात आणि नोकरदाराला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारा आजारही येतो आणि त्यात माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. कारखान्याला किंवा सासुरवाडीला कळवायचा अधिकार डॉक्टरला नाही, मलाही नाही.

आत गेल्यावर सुरुवात कशी करायची यावरच बरेच जण अडतात. असं म्हणा: "डॉक्टर, मी रोज साधारण सहा युनिट घेतो, हा महिन्याचा हिशोब. मला ती कमी करायचीय आणि त्यासाठी गोळी घ्यायची तयारी आहे." नंतर डॉक्टर दहा प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतील, त्याचे गुण ४० पैकी असतात. ८ किंवा वर असेल तर त्रासदायक पिणं, २० किंवा वर असेल तर बहुधा शरीर बांधलेलं. खरं सांगा. इथे कमी गुण मिळवून काही फायदा नाही.

रक्त तपासायला सांगतील: यकृताच्या तपासण्या, किडनीचं क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. पैसे वाचवायला या टाळू नका, कारण गोळी कुठली हे त्यावरच ठरतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवायच्या भानगडीत पडू नका. दुखण्याच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली तर नक्की न्या. डायबेटिस असेल तर आवर्जून सांगा, पिणं आणि जेवण बदललं की साखरही बदलते.

पाचवी पायरी: गोळी समजून घ्या

कमी करायची असेल तर डॉक्टर बहुतेकदा नाल्ट्रेक्झोनचा विचार करतात. अमेरिकेत दारूसाठी तिला १९९४ साली मान्यता मिळाली, त्याआधी दहा वर्षं ती अफू-हेरॉइनच्या व्यसनावर वापरात होती.

ती करते काय? दारू पोटात गेली की मेंदू स्वतःच अफूच्या जातीची रसायनं सोडतो. दुसऱ्या पेगनंतर जे बरं वाटतं, अंग हलकं होतं, त्यात या रसायनांचा मोठा वाटा असतो. ती मेंदूत ठरावीक जागांवर जाऊन बसतात. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकून सीट धरतो, तशी नाल्ट्रेक्झोन त्या जागा आधीच धरून ठेवते. दारू आत येते, पण तिला बसायला जागा मिळत नाही. ओकारी होत नाही, तोंड लाल होत नाही. नुसती मजा उतरते. त्या रंगारी भाऊंचं वाक्य मला आठवतं: "शेठ, पयल्यासारखी लागत नाय. दुसरा गिलास तसाच राहिला, मीच बघत बसलो."

नशा मात्र चढते, हे विसरू नका. रक्तातलं अल्कोहोल तेवढंच असतं, पाय तसेच लटपटतात. गोळी घेतलीय म्हणून मोटरसायकलला किक मारू नका.

नेहमीचा डोस दिवसाला ५० मि.ग्रॅ. असतो. बरेच डॉक्टर सुरुवातीला काही दिवस अर्धी गोळी देतात. ही गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी मळमळ जास्त होते. काही डॉक्टर रोज घ्यायला सांगतात. काही जण, ज्या दिवशी पिणं होणार असं वाटतं त्या दिवशी तासभर आधी घ्यायला सांगतात. फिनलंडमधले संशोधक जॉन डेव्हिड सिंक्लेअर यांनी ही पिण्याआधीची पद्धत पुढे आणली. तुमच्यासाठी कुठली, ते विचारून घ्या आणि त्यात आपल्या मनाने बदल करू नका. गोळी खिशात ठेवून ती न घेता बसणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा आहे. त्या रात्री सगळी मजा परत येते आणि मन तीच लक्षात ठेवतं.

हिचा एक कडक नियम आहे. अफूच्या जातीचं कुठलंही औषध चालू असताना ही घ्यायची नाही. आपल्याकडे ट्रॅमॅडॉल सर्रास मिळतं, पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं, कंबरदुखीला, प्लास्टरनंतर लिहून देतात. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरपही त्यातच. अंगात ती औषधं असताना नाल्ट्रेक्झोन घेतली तर एकाएकी उलट्या, जुलाब, अंग पिळवटणं सुरू होतं. सात ते दहा दिवसांचा खंड लागतो. उलट बाजूने, नाल्ट्रेक्झोन चालू असताना अपघात झाला तर त्या जातीची वेदनाशामकं नेहमीसारखी लागू पडत नाहीत. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: "मी नाल्ट्रेक्झोन घेतो." ऑपरेशन ठरलं असेल तर आठवडाभर आधी सांगा. कावीळ चालू असेल, यकृत फार बिघडलेलं असेल, तर डॉक्टर ही टाळतात.

गुण किती येतो? अवाजवी आशा ठेवू नका आणि हिणवूही नका. २०२३ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात ११८ चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला होता, जवळपास २१ हजार माणसांचा. त्यात निघालं की ११ जणांनी नाल्ट्रेक्झोन घेतली तर नुसत्या नकली गोळीच्या तुलनेत त्यांतला एक जण जास्तीचा जड पिण्यापासून वाचतो. अकरांत एक हा आकडा लहान वाटेल. आपण रोज बिनतक्रार घेतो त्या पुष्कळ गोळ्यांचा गुण याहून कमी असतो.

दुसरं औषध अकॅम्प्रोसेट. दारू थांबवल्यानंतर ती थांबलेलीच राहावी म्हणून ते देतात. कमी करण्यासाठी त्याचा उपयोग कमी. ३३३ मि.ग्रॅ. च्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, म्हणजे सहा गोळ्या. ही संख्या बघूनच लोक कंटाळतात. पण ती यकृतावर भार टाकत नाही, किडनीवाटे जाते, म्हणून यकृत नाजूक असलेल्याला सोयीची. किडनी खराब असेल तर नाही. जुलाब होऊ शकतात.

यकृताचा आजार आधीच असेल तेव्हा काही डॉक्टर बॅक्लोफेन वापरतात. त्याने झोप येते, दारूबरोबर तर फारच, आणि ते एकदम बंद करायचं नसतं. टोपिरामेटही काही जणांना देतात, त्याने बोटांना मुंग्या येतात आणि बोलताना शब्द चटकन आठवत नाही.

आमटीतल्या गोळीबद्दल

ती बाई मागते ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. शरीर दारू पचवताना मधल्या टप्प्यावर एक विषारी पदार्थ तयार होतो आणि लगेच मोडला जातो. ही गोळी तो मोडूच देत नाही. मग वर दारू गेली की तोंड लालबुंद होतं, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, छाती धडधडते, ब्लडप्रेशर कोसळतं. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधले दोन संशोधक हे रसायन जंतांवरचं औषध म्हणून स्वतःच घेऊन पाहत होते. नंतर दारू घेतल्यावर ते आजारी पडले आणि त्यातून हा उपयोग कळला.

ज्याला पूर्ण सोडायचीय, हृदय ठणठणीत आहे, आणि जो सगळं समजून रोज सकाळी बायकोसमोर स्वतःच्या हाताने गोळी घेतो, त्याला ही चांगली मदत करते. शेवटची दारू घेऊन किमान बारा तास उलटल्याशिवाय सुरू करायची नाही. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी तिचं भांडण होऊ शकतं. द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट अशा आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतं, काही खोकल्याच्या सिरपांत आणि होमिओपॅथीच्या थेंबांतही असतं. तेही टाळायचं.

आता हीच गोळी आमटीत विरघळवून दिली तर काय होईल ते पाहा. नवऱ्याला काही माहीत नाही. तो संध्याकाळी नेहमीची क्वार्टर घेतो. ब्लडप्रेशर पडतं, रस्त्यात कोसळतो. आधीच हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो, असे मृत्यू झालेले आहेत. दवाखान्यात नेलं तरी डॉक्टरला कारण कळत नाही, कारण सांगणारीच गप्प असते. वाचला, तर घरच्या जेवणात काहीतरी घातलं जातं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. पुढे तो खरी मदतही घेत नाही. भिंतीवर "रुग्णाच्या नकळत" अशी जाहिरात असलेल्या पावडरीत काय असतं ते तर देवच जाणे.

ताई, वहिनी, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर हे करा: सकाळी, तो शुद्धीत असताना, हा कालनिर्णयाचा आणि पहिल्या भेटीचा विषय काढा. रात्री बोलू नका. "सोड" म्हणण्याऐवजी "कमी करायला गोळी मिळते, मी बरोबर येते" असं म्हणून बघा. तो नाही म्हणाला तरी तुम्ही एकट्या ओपीडीत जाऊन सल्ला घेऊ शकता. आणि हात उचलत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सोय, गोळीचं नंतर.

एक ओळ पिणाऱ्या बायकांसाठीही. तुम्ही आहात हे मला बिलांवरून कळतं. पुरुषापेक्षा कमी दारूत तुमचं यकृत बिघडतं, म्हणून उशीर करू नका. दिवस राहिले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा.

सहावी पायरी: पहिला महिना

नाल्ट्रेक्झोन सुरू केली की पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोपेची उलथापालथ होते. आठ-पंधरा दिवसांत ती बहुधा निवळते. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, पोटात उजवीकडे दुखायला लागलं, तर गोळी थांबवून लगेच दाखवा. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

कालनिर्णयावरचे आकडे चालू ठेवा. ते सरळ रेषेत उतरत नाहीत. भाऊंच्या दुसऱ्या महिन्याच्या पानावर ४, ३, ४, ०, ३ असं होतं आणि मेहुण्याच्या लग्नाच्या दिवशी ८. त्या आठवर त्यांनी पेन्सिलीने इतका जोर दिला होता की मागच्या पानावर ठसा उमटला होता. मी त्यांना म्हटलं, नऊपेक्षा आठ कमीच आहेत, उद्याचा चौकोन मोकळा आहे.

गोळीबरोबर बोलणंही लागतं. गोव्यात संगात संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली होती, ती २०१७ साली लॅन्सेटमध्ये छापून आली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांतल्या ३६ टक्के जणांचं पिणं आटोक्यात होतं, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. चार बैठकांनी एवढं होतं, तर ओपीडीतल्या समुपदेशकाकडे पाठवलं की "वेळ नाही" म्हणू नका.

घरात साठा ठेवू नका. खंबा म्हणजे मोठी बाटली आणली की निपवर थांबणं अवघड, म्हणून मोजून तेवढीच आणा. आधी जेवा, मग काय ते. उपाशी पोटी बसायचं नाही.

महिना-दीड महिन्यात आकडा हलला नाही, तर गोळी निकामी म्हणून फेकून देऊ नका, डॉक्टरांना परत भेटा. डोस, वेळ किंवा औषधच बदलता येतं. हलला, तर निदान सहा महिने, पुष्कळदा वर्षभर चालू ठेवतात. मधून यकृताची तपासणी करतात. नाल्ट्रेक्झोनची सवय लागत नाही, बंद करताना कापरं सुटत नाही. तरी बंद करण्याचा दिवस गटारी किंवा एकतीस डिसेंबरच्या तोंडावर ठरवू नका, एवढं माझं ऐका.

शेवटी दुकानदार म्हणून सांगायचं ते. तालुक्याच्या दुकानांत नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट बहुधा शेल्फवर नसतात. शहरातल्या स्टॉकिस्टकडून मागवावी लागतात, एक-दोन दिवस जातात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे स्वस्तातलं जेनेरिक देता येतं. बिल आणि चिठ्ठी एकत्र ठेवा. पाकिटात पाच-सहा गोळ्या उरल्या की फोन करा, आम्ही मागवून ठेवतो. दिवाळीत स्टॉकिस्ट तीन-चार दिवस बंद असतात आणि नेमकं तेव्हाच पाहुणे बाटली घेऊन येतात, म्हणून वसुबारसेच्या आधीच पुढच्या महिन्याचं पाकीट घरी असू द्या.